धुराचा तंटा

परवां आमच्या चार मित्रांच्या बैठकींत दोन जपानी व्हिस्की शेजारीं शेजारीं ठेवून चाखण्याचा योग आला. एक यामाझाकीची, दुसरी योइचीची. पहिलीस पिकल्या फळांचा व मधाचा मंद गंध. दुसरींत पीट नांवाच्या दलदलीच्या मातीचा धूर स्पष्ट. धूर हा गुण कीं दोष, या प्रश्नावर मंडळींत लागलीच तट पडले. परंतु हा तंटा मूळचा आमचा नव्हे. गवयांप्रमाणें या पेयांनाहि घराणीं आहेत, आणि हीं दोन घराणीं एकाच भट्टीच्या फुटींतून निघालीं आहेत.

हिरोशिमा प्रांतांतील ताकेहारा येथें साके करणाऱ्या कुटुंबांत १८९४ सालीं जन्मलेले मासाताका ताकेत्सुरु १९१८ सालीं स्कॉटलंडास गेले. ग्लासगोस रसायनशास्त्राचे पाठ घेऊन पुढें लाँगमोर्न व हेझलबर्न येथील भट्ट्यांत त्यांनीं उमेदवारी केली आणि पाहिलेलें सर्व वह्यांत बारकाईनें टिपून ठेविलें. घरच्यांचा विरोध असतां १९२० सालीं रिटा कौवन या स्कॉच युवतीशीं विवाह करून ते त्याच वर्षीं स्वदेशीं परतले.

१९२३ सालीं ओसाकाचे मद्यव्यापारी शिंजिरो तोरी यांनीं त्यांस नोकरीस ठेविलें. गोड पोर्ट मद्यावर पैसा मिळविलेल्या या गृहस्थांस गिऱ्हाइकाची जीभ कळत असे. ताकेत्सुरूंची नजर स्कॉटलंडासारख्या थंड होक्काइडो बेटाकडे. तोरींना भट्टी हवी मोठ्या शहरांजवळ. अर्थात् मालकाचें चाललें, व भट्टी ओसाका आणि क्योटो यांमधील यामाझाकीस उभी राहिली. १९२९ सालीं तिची ‘शिरोफुदा’ बाजारांत आली आणि सपशेल पडली. लोकांस ती जळकट लागली.

ही कथा सांगणारे बहुधा ताकेत्सुरूंस नायक करून तोरींस केवळ वाणी ठरवितात. आम्हांस हें अन्यायाचें वाटतें. पेला परत सारणारें गिऱ्हाईकहि एक टीकाकारच होय. आणि त्याचें ऐकून तोरींनीं १९३७ सालीं काढलेली ‘काकुबिन’ आजहि खपते. उलट ताकेत्सुरूंनीं १९३४ सालीं होक्काइडोंतील योइची गाठलें, व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकून दिवस काढले, आणि १९४० सालीं आपली पहिली व्हिस्की विकावयास आणिली. पण धूर सोडला नाहीं.

स्कॉटलंडांत मिश्रणासाठीं एक कंपनी दुसरीकडून पिंपें घेते. या दोन प्रतिस्पर्ध्यांत तसा व्यवहार नव्हता. म्हणून प्रत्येकास आपल्याच छपराखालीं निरनिराळ्या तऱ्हेचीं भांडीं व पिंपें वापरून अनेक चवी काढाव्या लागल्या. भांडणानें जें दिलें तें सलोख्यानें खचित दिलें नसतें.

आमच्यापुढें तिसरीहि बाटली होती. वर सुरेख जपानी अक्षरें, परंतु आंतील व्हिस्की कोठें गाळली याचा पत्ता नाहीं. परदेशी व्हिस्की आणून जपानी म्हणून विकण्यास तेथील कायद्याची आडकाठी नव्हती. अखेर २०२१ सालीं उत्पादकांच्या संघानेंच नियम केला कीं पाणी, गाळणें व किमान तीन वर्षांचें मुरणें हीं जपानांतलींच असावींत. एप्रिल २०२४ पासून तो सभासदांस पूर्णपणें लागू झाला. ती बाटली तशीच उरली. धुराचे अभिमानी तोंवर योइचीच्या, जेथें अद्यापि भांड्याखालीं कोळसा जाळतात, दुसऱ्या पेल्याकडे वळले होते.