मक्यावरचा जंतू आणि मोटारीचे इंधन

विरजण लावताना कोणी गृहिणी असे म्हणत नाही की, मी आता कोट्यवधी जंतूंना कामाला जुंपते आहे. पण ती करते ते तेच. जंतूंना दूध द्यायचे, रात्रभर उबेत ठेवायचे आणि सकाळी त्यांनी केलेले दही आपण खायचे. जंतू काही आपल्यासाठी खपत नाहीत. त्यांना जगायचे असते, आणि जगताना ते जे टाकून देतात ते आपल्या पानात येते.

जंतूंनी टाकलेल्या अशाच एका द्रवाची हकिकत मला सांगायची आहे. मी शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. परंतु या हकिकतीत रसायनापेक्षा माणसाची गरज आणि हावच अधिक आहे, आणि तो प्रांत आम्हा कादंबरीकारांचा आहे.

१९१० च्या सुमारास मोटारी वाढल्या आणि रबराचे भाव कडाडले. कृत्रिम रबर करता आले तर पैशांचा पाऊस पडेल, असे इंग्लंडातील काही उद्योजकांना वाटू लागले. त्यासाठी हवा होता ब्युटेनॉल नावाचा मद्यार्क. काही जंतू हा मद्यार्क तयार करतात हे पाश्चर यांनी १८६१ सालीच पाहून ठेवले होते. तेव्हा तसा दांडगा जंतू शोधण्याच्या खटपटीला काही मंडळी लागली. मँचेस्टर विद्यापीठातील हाइम वाइझमन हे त्यांपैकी एक. रशियन साम्राज्यातल्या मोताल नावाच्या खेड्यात जन्मलेला हा ज्यू रसायनज्ञ १९०४ साली इंग्लंडात आला होता. त्याने चिकाटीने एक जंतू निवडून काढला. मक्याची पेज करून या जंतूच्या स्वाधीन केली की, तयार होणाऱ्या द्रवाच्या दहा भागांत सहा भाग ब्युटेनॉल, तीन भाग ॲसिटोन आणि एक भाग साधा मद्यार्क निघे. ॲसिटोन कोणी मागितले नव्हते. ते आपले आगंतुकासारखे आले होते.

पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि आगंतुकच यजमान झाला! तोफांना लागणारी कॉर्डाइट नावाची दारू करायला ॲसिटोन लागते. तोवर ते लाकूड तापवून काढीत. एक टन ॲसिटोनसाठी ऐंशी ते शंभर टन लाकूड जाळावे लागे. वाइझमन यांच्या आठवणींप्रमाणे, आरमारखात्याचे मंत्री चर्चिल यांनी त्यांच्यापुढे ३०,००० टनांची मागणी ठेवली. लंडनमधील जिनच्या एका भट्टीत प्रयोग झाले, डॉर्सेटमध्ये होल्टन हीथ येथे मोठा कारखाना उभा राहिला. आपल्या नाशिकलाही या युद्धकाळात ॲसिटोनचा कारखाना बांधण्यात आला. द्राक्षांच्या आणि रामकुंडाच्या गावाचे नाव या गोष्टीत यावे याची मला मोठी मौज वाटते.

मका अमेरिकेतून येई. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली तेव्हा प्रश्न पडला, धान्य माणसांनी खायचे की तोफांनी? मग १९१७ च्या शरद ऋतूत सरकारने शाळांना हाक दिली. विलायतेत हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाखाली तपकिरी, चकचकीत बियांचा सडा पडतो. आपली मुले चिंचोके जमवतात तशी तिकडची मुले त्या बिया जमवून खेळतात. त्या गोळा करून द्या, युद्धाला हव्या आहेत, एवढेच मुलांना सांगितले गेले. कशासाठी, ते गुपित. मुलांनी बियांचे डोंगर रचले. पुष्कळशा बिया रेल्वे स्टेशनांवरच कुजून गेल्या. किंग्ज लिन येथील कारखान्यात पोहोचल्या त्यांच्यावर जंतू नीट पोसेना, आणि १९१८ च्या उन्हाळ्यात तो नाद सोडून द्यावा लागला. मास्तर म्हणून मला राहून राहून वाटते, आपण वेचलेल्या बियांचे पुढे काय व्हायचे होते हे त्या वर्गांना कोणी कधी सांगितले असेल का?

हे वाइझमन पुढे १९४९ साली इस्राएलचे पहिले अध्यक्ष झाले. ॲसिटोनचे बक्षीस म्हणूनच १९१७ ची बॅल्फोर घोषणा झाली, असे लॉइड जॉर्ज यांनी लिहून ठेवले आहे. इतिहासकार ते मानत नाहीत. मलाही ते पटत नाही. इतक्या सुबक जुळून येणाऱ्या गोष्टींकडे कादंबरीकाराने जरा संशयानेच पाहावे.

युद्ध संपले, ॲसिटोनची मागणी बसली, आणि ज्याला कोणी विचारीत नव्हते ते ब्युटेनॉल पुन्हा वर आले. मोटारींना लावायच्या, झटपट वाळणाऱ्या नव्या रंगात ते लागू लागले. अमेरिकेत इंडियाना राज्यातील टेरे हॉट गावी मोठा कारखाना चालू झाला. १९२३ मध्ये तेथील पिंपे एकाएकी थंड पडली; जंतूंनाच विषाणूंची लागण झाली होती. दुसरे दुखणे याहून विचित्र. हा जंतू पिढ्यानुपिढ्या नुसता पोसत ठेवला तर आपली विद्या विसरतो. म्हणून त्याचे बीज थोडा वेळ कढत पाण्यात धरून, तगेल तेवढेच पुढे वापरीत. जंतू का विसरतो, याचा उलगडा १९९७ साली झाला. ही विद्या त्याच्या जनुकांच्या एका सुट्या वेटोळ्यात असते, आणि ते वेटोळे हरवले की विद्याही गेली. पण तोवर या कारखान्यांचे दिवस सरले होते. १९५० नंतर खनिज तेलापासून ब्युटेनॉल स्वस्तात मिळू लागले आणि जंतूंचे पगारपत्रकच बंद झाले.

खनिज तेलाची चिंता वाढली तेव्हा शास्त्रज्ञांना ब्युटेनॉल आठवले, या खेपेस इंधन म्हणून. साध्या मद्यार्काच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्ती असते, ब्युटेनॉलच्या लिटरात जवळजवळ नऊ-दशांश. शिवाय ते पाणी फारसे ओढून घेत नाही. २००८ साली लॉस एंजलिसच्या विद्यापीठात जेम्स लियाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळीच युक्ती केली. जुन्या जंतूच्या मिनतवाऱ्या न करता त्यांनी आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घेतला. प्रथिनांचे घटक घडवण्याचा त्याचा जो नित्याचा मार्ग आहे, त्याच्या मध्येच त्यांनी एक फाटा काढला. त्यासाठी एक जनुक यीस्टमधून आणले आणि दुसरे लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूकडून. हा दुसरा कोण? दूध विरजवणाऱ्या मंडळींपैकीच एक! या उसनवारीवर ई. कोलाय साखरेतून आयसोब्युटेनॉल, म्हणजे ब्युटेनॉलचे भावंड, करू लागला.

अडचण मात्र मोठी आहे. हा द्रव जंतूलाही विषच. पिंपात तो शेकडा दोन भागांच्या घरात गेला की जंतू गुदमरू लागतात, आणि उरलेल्या साऱ्या पाण्यातून तो द्रव वेगळा करायला पुन्हा इंधन जाळावे लागते. अमेरिकेतील गेवो कंपनीने यीस्टकडून आयसोब्युटेनॉल करवून घेण्यासाठी मिनेसोटातील लुव्हर्न येथे कारखाना चालवला. २०१२ साली तेथे परके जंतू शिरले आणि काही काळ तिला निमूटपणे साध्या मद्यार्काकडे वळावे लागले. तरी जून २०१६ मध्ये सिअ‍ॅटलहून दोन प्रवासी विमाने उडाली, त्यांच्या टाक्यांत पाचवा हिस्सा या आयसोब्युटेनॉलपासून केलेल्या इंधनाचा होता. ते इंधन कशापासून काढले होते म्हणाल, तर मक्यापासून.