फुल फ्रेम: कशाच्या मानानं पूर्ण?

माझ्याकडे निकॉनचा डी७२०० आहे आणि त्यावर २००-५०० एमएमची लेन्स. नोकरी पुण्यात, घर चंद्रपुरात. सुट्टी मिळाली की ताडोबाचं बफर नाहीतर गडचिरोली. गेलं वर्षभर ‘आता फुल फ्रेम घे’ असं जो भेटेल तो सांगतोय. खर्च दोन-अडीच लाखांच्या घरात जातो. बाबांचं म्हणणं, ‘एवढ्यात तं गाडी येते.’ मला मात्र किमतीच्या आधी त्या नावाचाच प्रश्न पडला. फुल, म्हणजे पूर्ण. पण कशाच्या मानानं पूर्ण?

उत्तर शोधत मागे गेलं की आपण जर्मनीतल्या वेट्झलार गावी पोचतो. तिथं लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत ऑस्कर बर्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. तब्येतीनं नाजूक, आणि त्या काळचे काचेच्या प्लेटांचे कॅमेरे घेऊन डोंगर चढणं म्हणजे हमाली. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म तेव्हा सहज मिळत होती. सिनेमात ती उभी धावते आणि एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचं पडतं. बर्नाकनं ती आडवी धरली आणि दोन चित्रांची जागा एकाला दिली. २४ बाय ३६. पहिला नमुना १९१३-१४च्या सुमारास तयार झाला, मध्ये महायुद्ध आलं, आणि लायका बाजारात आला तो १९२५मध्ये. आज ज्याला आपण आदरानं फुल फ्रेम म्हणतो तो आकार असा ठरला: सिनेमाच्या पट्टीतून जेवढं मिळालं तेवढं. त्या वेळचे व्यावसायिक फोटोग्राफर या जातीच्या कॅमेऱ्यांना ‘मिनिएचर’ म्हणत. म्हणजे खेळण्यातलेच!

त्याच १९२५च्या ऑक्टोबरमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या पहिल्या पानावर जंगलातल्या मोकळ्या वाघाचा फोटो छापून आला. तो काढणारे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन तेव्हाच्या संयुक्त प्रांतात वनाधिकारी होते. त्यांची पद्धत अशी की वाघाच्या वाटेवर तार लावायची, ती कॅमेऱ्याला आणि मॅग्नेशियमच्या फ्लॅशला जोडायची. वाघाचा पाय तारेला लागला की उजेड पडणार आणि फोटो निघणार. वाघाचा फोटो वाघानंच काढायचा. बंदुकीनं जंगलात शिरायच्या काळात हा माणूस कॅमेऱ्यानं शिरला. १९२७मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आलं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान व्हायला अजून जवळपास तीस वर्षं होती (१९५५), आणि व्याघ्र प्रकल्प व्हायला सत्तर (१९९५).

आमच्या घरी पहिला कॅमेरा आला तो आगफा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला हा प्लास्टिकचा डबा त्या काळी निम्म्या महाराष्ट्राच्या कपाटात असावा. एका रोलवर बारा फोटो, सगळे चौकोनी. आईच्या माहेरचे, गोंडकालीन किल्ल्याच्या भिंतीपुढे रांगेत उभे राहून काढलेले फोटो त्याच्यातलेच. आता गंमत बघा. क्लिक थ्रीची चौकट सहा बाय सहा सेंटीमीटरची. छापायला प्रत्यक्षात मिळणारी जागा साधारण ५६ मिलिमीटर धरली तरी ती आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी होते. तरीही ते फोटो धूसर आहेत, कारण पुढची लेन्स साधीसुधी होती. चौकट मोठी आणि काच सामान्य असली तर काय होतं, त्याचा पुरावा आमच्या अल्बममध्ये चिकटवलेला आहे.

मग ‘फुल’ हा शब्द आला कुठून? डिजिटल काळातून. १९९९मध्ये निकॉनचा डी१ आला तेव्हा लोकांकडे ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घेतलेल्या लेन्स होत्या, पण सेन्सर त्याहून लहान. जुनी २४ एमएमची रुंद लेन्स अचानक ३६सारखी वागू लागली. या लहान आकाराला एपीएस-सी नाव मिळालं तेही १९९६च्या एका फिल्म-पद्धतीवरून. ती पद्धत पुढे बंद पडली, नाव उरलं. लेन्सचं पूर्ण चित्र पकडणारा सेन्सर तो फुल. म्हणजे पूर्णत्व आहे ते जुन्या लेन्सच्या हिशेबात. कॅननचा वन-डीएस २००२मध्ये आला आणि हौशी माणसाला निदान स्वप्नात परवडेल असा फाइव्ह-डी २००५मध्ये.

सेन्सर महाग का, याचं उत्तर सिलिकॉनच्या चकतीत आहे. कॅननच्याच एका जुन्या माहितीपत्रकातला हिशेब असा: आठ इंची चकतीवर एपीएस-सी आकाराचे सुमारे २०० सेन्सर बसतात, फुल फ्रेमचे फक्त २०. शिवाय चकतीवर एक दोष निघाला की लहान सेन्सर वाया गेला तर दोनशेतला एक जातो, मोठा गेला तर विसातला एक.

आता ताडोबा. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, माझ्या सेन्सरचं साधारण ३६७. सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश, म्हणजे सव्वा स्टॉप. विक्रेते इथंच थांबतात. पण जिप्सीतून उतरता येत नाही. वाघ साठ मीटरवर असेल तर तो साठ मीटरवरच. पावणेदोन-दोन मीटरचा आडवा वाघ ५०० एमएमच्या लेन्सनं सेन्सरवर पंधरा-सोळा मिलिमीटर लांबीचा पडतो, सेन्सर कोणताही असो. माझ्या २३.५ मिलिमीटरच्या चौकटीत तो छान भरतो. ३६च्या चौकटीत आजूबाजूला बांबूच जास्त. मग घरी येऊन कापायचं. २४ मेगापिक्सेलचे कापून उरतात दहा, आणि वाघावरून आलेला प्रकाश होता तेवढाच, कारण तो लेन्सच्या तोंडातून आला. माझ्या लेन्सचं एफ ५.६ला तोंड ८९ मिलिमीटरचं. तो सव्वा स्टॉप खरंच हवा असेल तर ७५० एमएम आणि १३४ मिलिमीटरची काच लागेल. ती मला या जन्मी तरी परवडणार नाही.

वाघांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट या हिशेबात येते. २०१८च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यांतले ७६,६५१ वाघांचे. चॅम्पियनच्या तारेचीच ही पुढची पिढी, आणि यातले सेन्सर माझ्यापेक्षाही कितीतरी लहान. चंद्रपूर जिल्ह्यात माणसावर हल्ला झाला की वनविभाग आधी हेच ट्रॅप लावतो, आणि पट्ट्यांवरून वाघ कोणता ते ठरतं. त्या फोटोवर कुणाचं तरी रानात जाणं-न जाणं अवलंबून असतं. माझ्या फोटोवर शंभर लाइक.

मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आधी बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. कमी प्रकाशात फोटो काढण्यासाठी ज्या वेळेला फुल फ्रेम विकला जातो, तीच ही वेळ, आणि वाघाचीही. बफरच्या कडेच्या गावांत ओळखीची घरं आहेत. त्यांच्यासोबत पाच मीटरवर चालता येतं, चौकट पूर्ण भरता येते. तसंच मार्कंड्याचं. वैनगंगा जिथं उत्तरेकडे वळते तिथल्या त्या देवळांची नोंद कनिंगहॅमनं १८७३ ते ७५च्या दौऱ्यांच्या अहवालात केली. ओल्या काचांचा तो काळ. प्लेट वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा, म्हणून अंधाराचा तंबू सोबत वागवायचा. आज पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथं तिपाई लावता येत नाही. मंडपातल्या अर्ध्या अंधारात हातात कॅमेरा धरून मूर्तीजवळ उभं राहिलं की तो सव्वा स्टॉप पूर्ण मिळतो, एकही पिक्सेल न कापता. आलापल्लीच्या राखलेल्या जुन्या जंगलात भरदुपारीही बुंध्यांपाशी उजेड कमीच असतो, तिथंही तेच.

तेव्हा वाघासाठी डी७२०० आणि ती लांब लेन्स राहू देतोय. नवा मिररलेस घेत नाही. २०१४चा डी७५० वापरलेला मिळतोय, नव्याच्या किमतीच्या एका तुकड्यात, आणि त्यावर ३५ एमएमची एफ १.८ लेन्स. शटर किती वेळा उडालंय ते तपासून पैसे देईन. महाशिवरात्रीच्या यात्रेची गर्दी व्हायच्या आधी मार्कंड्याला जायचंय. मोहाच्या दिवसांत काकूंनी सोबत यायला हो म्हटलंय, पण अट घातलीय: कॅमेरा एका हातात आणि दुसऱ्या हातात टोपली.