सही झाली की लेखणी खाली

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या कोर्टांचे दफ्तर उर्दूत चाले. कठड्यात उभ्या आरोपीचे बोलणे मराठी, नोंद उर्दू लिपीत. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, शिवाय ‘ळ’ आणि ‘ण’ला वेगळे अक्षरच नाही. म्हणजे ‘काळे’ आडनावाचा माणूस कागदावर ‘काले’ होणार, हे ठरलेलेच. त्यात कारकुनाचा दोष नसे, पण तुरुंगाच्या दारात माणूस ओळखायचा तो कागदावरूनच.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि 1951 साली 1898ची फौजदारी प्रक्रिया संहिता तिथे लागू झाली. तिच्या कलम 369चे सांगणे रोखठोक होते: निकालावर सही झाली की न्यायालयाने त्याला हात लावायचा नाही, अपवाद फक्त लेखनातल्या चुकीचा. 1973च्या संहितेत हेच कलम 362 झाले आणि अपवादात हिशेबाच्या चुकीचीही भर पडली. 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 403 म्हणून नांदते आहे.

लेखनाची चूक म्हणायचे कशाला? न्यायाधीशाच्या मनात एक आणि अनवधानाने कागदावर दुसरेच उतरले, तर ती लेखनाची. मनातला विचारच चुकला असेल, तर वरच्या कोर्टात अपील. सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली सूरज देवी प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार वापरूनही ही मनाई ओलांडता येत नाही, असेही बजावले. त्याच वर्षी 27 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत बसू लागले. मराठवाड्यातल्या कैद्याच्या नातलगांची मुंबईची खेप वाचली.

खरी मेख शिक्षेच्या वॉरंटात असते. निकाल कितीही पानांचा असो, औरंगाबादच्या हर्सूल कारागृहात बंद्याची सुटकेची तारीख काढली जाते ती त्या वॉरंटावरून. 1973च्या संहितेच्या कलम 428ने 1974पासून कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होऊ लागले, म्हणून अटकेची तारीख मोलाची. समजा, मार्चचा ‘3’ नकलेत ‘8’ झाला, तर आरोपीचे पाच महिने गेले.

आकड्यापेक्षा घातक म्हणजे गाळलेले वाक्य. ‘सर्व शिक्षा एकत्र भोगावयाच्या आहेत’ असे आदेशात नसेल, तर 1973च्या संहितेनुसार त्या एकामागून एक चालत. सात आणि पाच वर्षांच्या शिक्षा एकत्र धरल्या तर सात वर्षांत सुटका, नाहीतर बारा. आता हे वाक्य नजरचुकीने राहिले की मुद्दाम गाळले, हे ठरवायचे कसे? निकालाच्या कारणमीमांसेत धागा सापडला तर ठीक. नाहीतर वकील लेखनचूक म्हणणार आणि सरकारी पक्ष पुनर्विलोकन. दोघांचेही म्हणणे पटण्याजोगे.

काही चुका मात्र निकालाच्या कितीतरी आधी, पोलिसांच्या कागदातच रुजतात आणि तिथे कलम 362 लंगडे पडते. पुण्यात ऑगस्ट 1994 मध्ये एका कुटुंबाचे हत्याकांड झाले. त्यातल्या एका आरोपीला 1998 साली फाशीची शिक्षा झाली आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत तो विशीतला तरुण होता. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र नाव थोडे निराळे आणि जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय जेमतेम साडेबारा. रजिस्टरातला मुलगा आणि तुरुंगातला माणूस एकच का, हे तपासायचे काम 2019 साली पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे आले. एकच, असा त्यांचा अहवाल गेला. 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला, तेव्हा त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. बालक म्हणून कायद्याने त्याला फार तर तीन वर्षे ठेवता आले असते. आणि ही दुरुस्ती कलम 362च्या वाटेने झालीच नाही. ती झाली बाल न्याय कायद्यामुळे, कारण बालक असल्याचा दावा अंतिम निकालानंतरही करण्याची मुभा तो देतो.