मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस : मातीच्या दोन मार्गांतील फरक

मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस या दोन्ही शर्यती मातीवर होतात आणि मोटारसायकलीही मुळात सारख्याच असतात. त्यामुळे एका मार्गावर हात बसलेल्या नव्या स्वारास दुसराही जमेल असे वाटते. हा समज धोक्याचा आहे. खरा फरक वेगाचा नसून, स्वाराची चूक मार्ग कितपत पोटात घालतो याचा आहे.

मोटोक्रॉसचा मार्ग मोकळ्या माळावर किंवा टेकडीच्या अंगाने, जमिनीचा मूळ चढउतार राखून आखला जातो. एक फेरी साधारणपणे दीड ते दोन किलोमीटरची असते. माती सतत उकरली जाते, वळणांवर खोल चाकोऱ्या पडतात आणि सकाळी पाहिलेला मार्ग दुपारी ओळखू येत नाही. जागतिक अजिंक्यपदाची शर्यत ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्या चालते. येथे दम लागतो तो अंगातला.

सुपरक्रॉस हे स्टेडियमचे अपत्य. ८ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियममध्ये माती आणून मार्ग उभारण्यात आला आणि १६ वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने ती शर्यत जिंकली. स्टेडियमच्या मर्यादित जागेत फेरी सुमारे एका मिनिटात संपते. मात्र त्या मिनिटात अडथळ्यांमागून अडथळे येतात.

नव्या स्वाराने सर्वाधिक लक्ष द्यावे ते उड्यांकडे. मोटोक्रॉसच्या अनेक उड्यांत चढ आणि उतार यांमधील जागा मातीने भरून सपाट केलेली असते. झेप कमी पडली, तरी चाके त्या सपाटीवर टेकतात. सुपरक्रॉसमध्ये दोन किंवा तीन सुटे उंचवटे ओळीने असतात, मध्ये पोकळी. झेप तोकडी पडली की मोटारसायकल पुढच्या उंचवट्याच्या माथ्यावर आदळते. जास्त झाली, तर उतार ओलांडून थेट सपाट जमिनीवर. याशिवाय शेतातील वरंब्यांसारखे जवळजवळ असलेले उंचवटे वेगाने, माथ्यामाथ्यावरून पार करावे लागतात. अशा आघातांसाठी सस्पेन्शन बरेच कडक ठेवतात. तेच सस्पेन्शन मोटोक्रॉसच्या खडबडीत मार्गावर स्वाराला हादरवून सोडते. उलट मऊ सस्पेन्शन सुपरक्रॉसच्या उडीनंतर तळाला टेकते.

भारतात नावावर विसंबणे बरे नव्हे. येथे मोकळ्या मैदानावरील शर्यतींनाही अनेक वर्षे ‘सुपरक्रॉस’ म्हटले जात आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडी क्रीडासंकुलात झाली, ती मात्र स्टेडियममधील. म्हणून फलकावर काय लिहिले आहे यापेक्षा उड्यांमधील पोकळी भरलेली आहे की नाही, हे स्वतः पायी फिरून पाहावे.

सुरुवात भरलेल्या उड्यांच्या मोटोक्रॉस मार्गावर करावी. सुट्या उंचवट्यांची जोडी प्रथम चाके जमिनीवर ठेवूनच पार करावी. तसे करताना मार्गाच्या कडेने जावे, आपली रेषा बदलू नये आणि उंचवट्याच्या पायथ्याशी थांबू नये. मागून झेपावलेल्या स्वाराला हवेत दिशा बदलता येत नाही.