इंटरनेटच्या वस्तीत मानवशास्त्रज्ञ

#धागा

१/ पहिले महायुद्ध सुरू असताना ब्रोनिस्लाव मॅलिनॉव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिले. १९२२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मानवशास्त्रात एक दंडक रूढ झाला : ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्यात दीर्घकाळ राहायचे आणि त्यांची भाषा शिकायची.

२/ १९९०च्या दशकात या दंडकापुढे पेच उभा राहिला. माणसे आता नकाशावर नसलेल्या ठिकाणीही जमू लागली होती. १९९४ साली आर्तुरो एस्कोबार यांनी ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात सायबरसंस्कृतीच्या अभ्यासाची दिशा मांडली. मूळ प्रश्न मात्र उरलाच : इथे तंबू ठोकायचा कुठे?

३/ एक उत्तर कॅरिबियनमधून आले. मानवशास्त्रज्ञ डॅनियल मिलर आणि समाजशास्त्रज्ञ डॉन स्लेटर यांनी त्रिनिदादमध्ये इंटरनेटचा अभ्यास केला; त्यांचे पुस्तक २००० साली निघाले. त्या काळी इंटरनेट म्हणजे वास्तवापासून तुटलेले वेगळे जग, अशी समजूत प्रबळ होती.

४/ त्रिनिदादमध्ये चित्र उलट दिसले. तिथल्या असंख्य कुटुंबांतील कोणी ना कोणी ब्रिटन, अमेरिका वा कॅनडात होते. ईमेलमुळे दूरच्या मुलांशी आईवडिलांचा रोजचा संवाद पुन्हा सुरू झाला. तिथे रिकामपणी जमून गप्पा छाटण्याला ‘लाइमिंग’ म्हणतात. आपल्याकडचा कट्टाच म्हणा. तो कट्टा आता चॅटवरही भरू लागला. इंटरनेटवर जाऊन लोक त्रिनिदादी असणे विसरत नव्हते, उलट ते अधिक ठसठशीतपणे मिरवत होते. म्हणून या दोघांचा निष्कर्ष असा की, इंटरनेट समजून घ्यायचे तर त्याच्या मागचा गाव, घर आणि नातीगोती समजून घ्यावी लागतात.

५/ दुसरे उत्तर याच्या अगदी विरुद्ध होते. इंडोनेशियात क्षेत्रकार्य केलेले टॉम बोएलस्टोर्फ जून २००४ ते जानेवारी २००७ या काळात ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात वावरले. तिथे त्यांचे नाव टॉम बुकोव्स्की, आणि त्यांच्या घराचे नाव ‘एथ्नोग्राफिया’! त्यांच्या २००८ सालच्या पुस्तकाचे शीर्षक मार्गारेट मीड यांच्या सामोआवरील १९२८ सालच्या ग्रंथाची आठवण करून देणारे होते.

६/ पडद्यामागची खरी माणसे शोधण्याचे बोएलस्टोर्फ यांनी जाणीवपूर्वक टाळले. तिथले रहिवासी शेजाऱ्याचे खरे नाव-गाव ठाऊक नसतानाही मैत्री करत, जमिनी घेत, भांडत. मग संशोधकालाच ते ठाऊक असण्याचे कारण काय? आपण अभ्यासक आहोत हे मात्र त्यांनी लपवले नाही. मुलाखतीपूर्वी ते लेखी संमती घेत. अवतारामागेही माणूसच असतो, ही जाणीव त्यामागे होती.

७/ तिसरा अनुभव गॅब्रिएला कोलमन यांचा. मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या हॅकरांचा अभ्यास त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहून केला. ज्यांचे सारे काम ऑनलाइन चालते, त्या मंडळींना प्रत्यक्ष परिषदांचे केवढे अप्रूप! वर्षभर फक्त अक्षरांतून भेटणारी माणसे तिथे एकत्र जेवत आणि रात्री जागवत. जत्रेने गाव बांधला जावा, तसा या परिषदांनी तो समुदाय बांधला जाई, असे त्यांचे विवेचन सांगते.

८/ हळूहळू विद्यापीठांनीही या विषयाला स्थान दिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डिजिटल मानवशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. मिलर यांच्याच नेतृत्वाखाली २०१२ साली तिथे एक मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला : नऊ मानवशास्त्रज्ञ जगातील नऊ ठिकाणी प्रत्येकी १५ महिने राहिले. त्यांपैकी एक ठिकाण तामिळनाडूत होते. श्रीराम वेंकटरामन यांना तिथे आढळले की, समाजमाध्यमांवरील वर्तुळेही बव्हंशी नातेगोते, जात आणि वर्ग यांच्याच रेषांवर आखली जातात.

९/ त्याच प्रकल्पातील शिनयुआन वांग चीनच्या एका औद्योगिक गावात राहिल्या. खेडी सोडून कारखान्यांत आलेल्या तरुण कामगारांनी, त्यांच्या मते, दोन स्थलांतरे केली होती : एक खेड्यातून कारखान्यात आणि दुसरे पडद्यावरच्या जगात. ज्या आधुनिक जीवनाच्या आशेने त्यांनी घर सोडले, ते कारखान्यापेक्षा फोनवरच अधिक गवसले. हे कळायला त्या कामगारांचा पडदाही पाहावा लागला आणि त्यांच्या शेजारी राहावेही लागले. मॅलिनॉव्स्कींचा तंबू अजून मोडीत निघालेला नाही.

(समाप्त)