धुळं कुणी वसवलं?

मंडळी, सोनगीरच्या किल्ल्याखाली बसून धुळ्याबद्दल बोलायचं, हे काहींना खटकेल. पण सोनगीर वगळून धुळ्याची गोष्ट सांगताच येत नाही.

आजचं धुळं वसवलं म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव घेतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. थोडं मागं जाऊ. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि १८०३ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. धुळ्यात माणूस उरलं नाही. गाव अक्षरशः ओस पडलं. तेव्हा सोनगीर आणि लळिंग हे दोन्ही परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. विंचूरकरांच्या पदरी बाळाजी बळवंत नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पुढच्याच वर्षी, १८०४ ला, धुळं पुन्हा वसवलं. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली आणि पुढं दोन्ही परगण्यांचा कारभारही मिळाला. आता बघा, सोनगीरला किल्ला, लळिंगला किल्ला, तरी या माणसानं आपलं ठाणं धुळ्यात केलं! मला वाटतं, लढाईपेक्षा वसुली आणि वस्ती यांचा विचार त्यात होता. दोन्ही परगण्यांच्या मधोमध, पांझरेच्या काठी, मुंबई-आग्रा वाटेवर. जागा बाळाजी बळवंतांनीच हेरली होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि ब्रिग्ज आला. जन्म १७८५ चा, मद्रासच्या फौजेतला, फारसी जाणणारा. त्यानं नव्या खानदेश जिल्ह्याचं मुख्य ठिकाण धुळंच ठेवलं. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली, लांबलांबून कारागीर आणले. पाट आणि नदी यांच्यामध्ये सापडलेलं, बागायतीनं वेढलेलं लहानसं गाव, असं त्यानं वर्णन केलंय. घरं ४०१, माणसं २,५०९. मग त्यानं काय केलं? घरासाठी जागा कायमची बिनभाड्यानं दिली आणि पक्कं घर बांधायला उचल दिली. ती जुन्या रहिवाशांना दिली, तशीच बाहेरून येणाऱ्यांनाही दिली. व्यापाऱ्याला दुसरं काय पाहिजे?

अमेरिकेतही इंग्रजांनी गावं वसवली, तसंच हे, असं कुणी म्हणेल. थोडं तसं आहे. १६२० मध्ये विल्यम ब्रॅडफर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी प्लिमथ वसवलं, ती जागाही ओसाडच होती. तिथं पटुक्सेट नावाचं मूळ रहिवाशांचं गाव होतं, ते काही वर्षांपूर्वीच्या साथीत संपलं होतं. त्या गावचा टिस्क्वांटम याला त्याआधीच पकडून युरोपात नेलं होतं. तो १६१९ ला परतला, तर घरी कुणीच नाही! पुढं त्यानंच या नवख्यांना मका पेरायला शिकवलं. पण मेलेल्यांच्या शेतात तिथं परके राहिले, आणि कायमचे राहिले. ब्रॅडफर्ड १६५७ मध्ये प्लिमथलाच वारला.

ब्रिग्जला तसं करताच आलं नसतं. १८३३ च्या सनदेपर्यंत कंपनी सरकार परवान्याशिवाय गोऱ्या माणसाला इथं आत राहू देत नव्हतं, जमीन घेणं तर दूरच. त्यानं दिलेल्या जागांवर राहिले ते आपलेच लोक. आणि त्याला गाव हवं होतं ते महसुलासाठी, बंदोबस्तासाठी. उगाच त्याला संत करायला नको.

पुढं ग्रँट डफनंतर तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला. मग म्हैसूर, मग नागपूर. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं त्याचं इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये छापलं गेलं. १८३५ ला त्यानं हिंदुस्थान सोडला आणि १८७५ मध्ये तो इंग्लंडात, ससेक्समध्ये वारला. बाळाजी बळवंतांचा कारभार मात्र १८१८ लाच संपला होता. इंग्रजी गॅझेटिअरात त्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत, आणि त्या ब्रिग्जच्या आधी आहेत.