तीन हजार तीनशे आंब्यांची विहीर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर महामार्ग सोडून लिंबकडे जाणारा रस्ता लागतो. लिंब-शेरीची बारा मोटांची विहीर आता चांगली प्रसिद्ध झाली आहे. शाळांच्या सहली येतात, सुटीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या असतात. मीही चार-पाच वेळा तिथे गेलो आहे. येणारा प्रत्येक जण पायऱ्या उतरतो, दगडातली शिल्पं पाहतो, मान वर करून गोल आकाशाचा फोटो काढतो. एवढं पाणी उपसून नेत कुठे होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हे पाणी बागेसाठी होतं. विहिरीवरच्या शिलालेखाप्रमाणे शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरुबाई भोसले यांनी ती बांधवली. छत्रपती शाहू महाराजांच्या राणीवशात त्यांचा मोठा मान होता. विहीर साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद, अष्टकोनी. तिला जोडून दुसरी, आयताकृती विहीर आणि दोन्हींच्या मधल्या पुलावर चक्क छोटा महाल. मोटेच्या जागा पंधरा, पण एका वेळी बारा मोटा चालत म्हणून नाव बारा मोटांचं. आणि हे सगळं कशासाठी, तर ३३०० आंब्यांची आमराई भिजवण्यासाठी, असं परंपरा सांगते.

मी एकदा घरी बसून हिशेब केला. दोन आंब्यांत तीस फुटांचं अंतर धरलं तरी ३३०० झाडांना अडुसष्ट एकर जमीन लागते. बारा मोटांना कमीत कमी चोवीस बैल आणि बारा मोटकरी. शिवाय पाट सांभाळणारे, आळी करणारे, दारं धरणारे, बैलांच्या वैरणीचं बघणारे, रात्रीचे राखणदार. फळ धरायच्या दिवसांत गोफण घेऊन बसणारी पोरंही त्यात धरा. म्हणजे ही बाग नुसती झाडांची नव्हती, एक लहानसं गावच त्या बागेवर जगत असणार. त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या दगडावर नाही.

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझे आजोबा कोरेगाव तालुक्यात मोट हाकायचे, त्यामुळे लहानपणी मी ती पाहिली आहे. चामड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंड. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो, बारीक सोल खालच्या रहाटावरून. बैल उताराच्या धावेवरून खाली चालू लागले की मोट भरून वर येते, सोंड थारोळ्यात रिकामी होते आणि पाणी पाटाला लागतं. मग बैल मागं मागं सरत पुन्हा वर येतात. बैलांना उलटं चालायला शिकवणं हे मोटकऱ्याचं खरं कसब, असं आजोबा म्हणायचे. अशा बारा मोटा एकाच विहिरीवर एका वेळी चालताना काय कालवा होत असेल!

आता साल बघा. १७१९. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि मोगलांच्या कैदेत इतकी वर्षं काढलेल्या येसूबाई साताऱ्यास आल्या. शाहू महाराजांचं स्वतःचं बालपण आणि तरुणपण मोगली छावणीत गेलेलं. पंचवीस-तीस वर्षं हा मुलूख घोड्यांच्या टापांखाली होता. अशा प्रदेशात आंबा लावायचा म्हणजे पुढची दहा वर्षं आपण इथेच राहू असा भरवसा हवा. कोयीपासून वाढवलेलं झाड मोहरायलाच सात-आठ वर्षं घेतं. त्या आमराईकडे मी म्हणूनच शौक म्हणून पाहत नाही. साताऱ्याची गादी स्थिर झाल्याची ती खूण होती.

साधारण याच सुमारास, १७१५च्या आसपास, तिकडे कोल्हापूरच्या गादीकडे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र लिहिलं गेलं. त्यात आंबा-फणसाच्या झाडांबद्दल जे सांगितलं आहे ते अनेकांना ठाऊक असेल. आरमाराला लाकूड हवं असलं तरी ही झाडं तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊनच न्यावं. (हा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून बऱ्याच फलकांवर लिहिलेला दिसतो. आशय त्यांच्या धोरणाचाच आहे, पण ग्रंथ अमात्यांचा.) लढाईच्या धामधुमीत राज्यकारभाराच्या पुस्तकात झाडांना एवढी जागा मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई १७१५ सालीच वारला. त्याच्या व्हर्सायच्या बागेसाठी सीन नदीचं पाणी चढवायला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं होतं. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालवण्याएवढं पाणी पुरत नसे. राजा फिरत फिरत जवळ आला की नोकर शिट्टी वाजवून पुढचं कारंजं सुरू करत, आणि राजा पुढे गेला की बंद. तिकडे चौदा चाकं, इकडे बारा मोटा. आपल्याकडचं पाणी थेट आळ्यात जात होतं, एवढा फरक. पण आपण उगीच फुशारू नये. विहिरीत महाल बांधणाऱ्यांनाही गारव्याची हौस होतीच, आणि उन्हात बैलामागं चालणारा त्या महालात बसत नव्हता.

बाग करणारा एक आणि बसणारा दुसरा, याचं फार वेगळं उदाहरण महाबळेश्वरला आहे. १८२८-२९च्या सुमारास इंग्रजांनी तिथे माल्कमपेठ वसवली. त्यानंतर पाच-सहा वर्षांत एक तुरुंग बांधला आणि त्यात सिंगापूर, पिनांगकडचे सुमारे सव्वाशे चिनी व मलायी कैदी आणून ठेवले. घरापासून हजारो मैल दूर, थंडी-पावसाच्या डोंगरात आणलेल्या या माणसांनी दलदलीच्या जागा साफ करून भाजीचे वाफे केले. बटाटा, तऱ्हतऱ्हेच्या विलायती भाज्या त्यांनी पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. साहेबांच्या जेवणाच्या मेजावर जे ताजं येई त्यातलं बरंचसं यांच्या हातचं. १८६४ साली तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांमुळे एका धबधब्याला चायनामन फॉल हे नाव पडलं, ते टिकलं आहे. पर्यटक नाव ऐकून हसतात आणि पुढच्या पॉइंटकडे जातात. गंमत म्हणजे १८६५ साली सरकारने लिंगमळ्याजवळ सिंकोनाची, म्हणजे कोयनेलच्या झाडांची लागवड सुरू केली, ती दहा वर्षांत सोडून द्यावी लागली. सरकारी बाग फसली, कैद्यांची रुजली.

तिथेच उगम पावणाऱ्या कृष्णेच्या खोऱ्याने खाली सांगली जिल्ह्यात आलं की किर्लोस्करवाडी लागते. तिला कोणी ऐतिहासिक बाग म्हणणार नाही, पण मी म्हणतो. १९१० साली औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली तेव्हा तिथे होते दगड, निवडुंग आणि साप. कारखान्याबरोबर घरं, रस्ते, झाडं उभी राहिली. रामूअण्णा किर्लोस्करांनी वसाहतीची जबाबदारी घेतली. जन्मठेप भोगून आलेल्यांना राखणीच्या कामावर ठेवलं. इंग्लंडात कॅडबरी कुटुंबाने आपल्या कारखान्याशेजारी बॉर्नव्हिलची बागांची वसाहत केली होती, त्याच काळातलं हे आपलं उदाहरण. शंतनुराव किर्लोस्करांनी १९८२ साली आत्मचरित्र लिहिलं त्याचं इंग्रजी नावही निवडुंग आणि गुलाबांवरूनच घेतलं. इथे फुलझाडांजवळ राहणारी माणसं कारखान्यातली होती, हा मोठाच बदल म्हणायचा.

सांगली शहरात पटवर्धन संस्थानच्या काळातली आमराई भर वस्तीत आहे. आज ती सार्वजनिक बाग आहे. पहाटे फेऱ्या मारणारे, बाकावर पेपर वाचणारे निवृत्त लोक, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, सगळ्यांची ती आहे. संस्थानं गेली, पण निदान या बागेत सगळ्यांना बसायला मिळालं.

लिंबला तसं झालं नाही. दगड टिकला, झाडं गेली. ती नेमकी कशी गेली हे सांगण्यापेक्षा आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण कृष्णाकाठच्या पुष्कळ घरांत तीच घडली आहे. आमच्या बांधावर पाच रायवळ आंबे होते. प्रत्येकाला नाव. शेप्या, खोबऱ्या, गोटी, साखऱ्या आणि एक नुसताच थोरला. मोट गेली, इंजिन आलं, मग वीज, मग ऊस. आंब्याच्या सावलीत ऊस वाढत नाही. १९८६ साली वडिलांनी पाचही झाडं वखारवाल्याला दिली. आजोबा तेव्हा अंथरुणावर होते. करवतीचा आवाज त्यांच्या खोलीत येत होता. ते एवढंच म्हणाले, “थोरला तरी ठेवायचा व्हता.” मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, घरात माझ्या शब्दाला किंमत होती. मी गप्प बसलो. त्या पैशात बहिणीच्या लग्नाचं देणं फिटलं, हेही खरं.

म्हणून कुणा शेतकऱ्याला झाड तोडलं म्हणून दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण विहिरीची डागडुजी व्हावी, फलक लागावेत असं आपण म्हणतो, तेव्हा बागेबद्दलही कोणी बोलावं. मोटांच्या जागांपासून पाट कुठे जात होते, आमराईची हद्द कुठवर होती, हे जुन्या लोकांना विचारून, जमिनीची चढउतार पाहून निदान नकाशावर आणता येईल. त्या वाटेवर पन्नास रायवळ झाडं लावली तरी येणाऱ्याला विहीर कशासाठी होती ते न सांगता कळेल.

गेल्या खेपेला मी मोटेच्या जागेवर उभा होतो. शेजारच्या रानातले एक आजोबा बैल घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, “दादा, इथला पाट कुणीकडं जायचा?” ते थांबले. चहूकडं नजर फिरवली.

“पाट कसला,” ते म्हणाले, “आमच्या आज्याच्या तोंडात नुसती राई राईच असायची. कुठवर व्हती, ते म्या कधी इचारलंच न्हाई बगा.”